वाचनकक्षापुरतं दार: वेबसर्व्हरवर पत्ता पाहून प्रवेश देण्याच्या नोंदी

आपली पानं फक्त ठरावीक जागेवरूनच उघडावीत, हे काम एखाद्या वाचनालयाला, शाळेला किंवा मंडळाला करायचं असेल तर आमचे गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत म्हणून या नोंदी ठेवल्या. आदेशांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, फाइलीत ती रोमन लिपीतच लिहायची. पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा आयपी पत्ता. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते नमुन्याचे आहेत. ती मालिका उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे. आमचे खरे आकडे वेगळे.

३ मे

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचे जुने बांधीव अंक दोन वर्षं खपून स्कॅन झाले. साधारण ४,२०० पानं. दिवाळी अंक, स्मरणिका, मुक्तीनंतरच्या काळात गोव्यात निघालेली छोटी मासिकं. इथल्या दमट हवेत कागद टिकत नाही आणि दोन कपाटांना वाळवी लागून गेली आहे. काही अंकांची आता आमच्याकडे आहे तेवढीच प्रत उरली असावी, असं ग्रंथपाल बाईंना वाटतं.

सगळी पानं जगाला खुली करता येत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे छापील प्रत असलेलं साहित्य जतनासाठी डिजिटल रूपात साठवता येतं. साठवणं आणि घरोघरी वाटणं यांत फरक आहे. म्हणून समितीने ठरवलं, की हक्क संपलेलं साहित्य सर्वांना खुलं राहील आणि उरलेलं फक्त वाचनकक्षातल्या चार संगणकांवर आणि वाळपईच्या आमच्या छोट्या शाखेत दिसेल.

सर्व्हर भाड्याचा आहे, महिना ₹५५०. उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर अपाची २.४.५२ हा वेबसर्व्हर. मर्यादित साहित्यासाठी वेगळं सबडोमेन (मुख्य डोमेनखालचं वेगळं नाव) केलं. समितीला मी दोन दिवसांचा वायदा केला.

४ मे

माझ्या जुन्या वहीत अपाची २.२ च्या काळातल्या ओळी होत्या: ऑर्डर डिनाय-अलाव, डिनाय फ्रॉम ऑल, अलाव फ्रॉम अमुक पत्ता. त्या डॉट-एचटीॲक्सेस फाइलीत (एका फोल्डरपुरते नियम लिहायची फाइल) टाकल्या आणि फाइल फोल्डरमध्ये ठेवली. वाचनकक्षात जाऊन पाहिलं तर पानं उघडली. बाईंना दाखवलं आणि काम झालं असं सांगून घरी आलो.

८ मे

काम झालेलंच नव्हतं. समितीतल्या एका काकांनी म्हापशाहून फोन केला: "अरे, माझ्या मोबाइलवर सगळे अंक दिसतायत. हे दिसायला हवेत ना?" चार दिवस सगळं साहित्य उघडं होतं.

कारण असं. उबुंटूच्या मूळ मांडणीत वेब फोल्डरसाठी 'अलाव-ओव्हरराइड नन' लिहिलेलं असतं. त्यामुळे अपाची डॉट-एचटीॲक्सेस फाइलीकडे ढुंकूनही पाहत नाही. चूक दाखवत नाही, लॉगमध्येही, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतही, काही लिहीत नाही. फाइलीत मी काहीही खरडलं असतं तरी वाचनकक्षात पानं उघडलीच असती. मी फक्त जिथून उघडायला हवं तिथून तपासलं होतं. जिथून बंद असायला हवं तिथून तपासलंच नव्हतं. आजपासून नियम केला: आधी मोबाइलचा डेटा चालू करून बाहेरून पाहायचं, ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संदेश) दिसलं की मगच वाचनकक्षात जायचं.

डॉट-एचटीॲक्सेस काढून टाकली आणि नियम मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये, त्या फोल्डरच्या डिरेक्टरी ब्लॉकमध्ये लिहिला. तिथे चुकीचं लिहिलं तर कॉन्फिगटेस्ट हा तपासणीचा आदेश लगेच ओरडतो, म्हणून मला ती जागा भरवशाची वाटते. जुन्या ऑर्डर-अलाव ओळीही काढल्या. त्या २.४ मध्ये वेगळ्या मोड्यूलच्या (जोडभागाच्या) आधाराने चालतात खऱ्या, पण नव्या रिक्वायर ओळींसोबत मिसळल्या की कोणाचं राज्य चालतंय ते कळत नाही.

नवी ओळ: रिक्वायर आयपी १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते. वाचनकक्षातल्या संगणकावर पत्ता पाहून हा आकडा घेतला होता. आता म्हापशाच्या काकांना बंद झालं आणि वाचनकक्षालाही बंद झालं.

एरर लॉगमध्ये एएच०१६३० या क्रमांकासह ओळ होती: सर्व्हरच्या मांडणीनुसार ग्राहकाला नकार. त्याच ओळीत ज्याला नकार मिळाला त्याचा पत्ताही होता आणि तो १९२.१६८ ने सुरू होत नव्हता. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ हे घरातले पत्ते आहेत. राउटरच्या आतच त्यांना अर्थ असतो. बाहेर पडताना राउटर स्वतःचा सार्वजनिक पत्ता लावतो आणि सर्व्हरला तेवढाच दिसतो. मी सर्व्हरला विचारण्याऐवजी संगणकाला विचारलं होतं. यापुढे कोणताही पत्ता लॉगमधूनच उचलायचा.

१० मे

रिक्वायर आयपी २०३.०.११३.४५. बाहेरून ४०३, आत चारही संगणकांवर पानं. समितीच्या बैठकीत दाखवलं. एक निवृत्त मास्तर आपल्या शाळेची स्मरणिका अर्धा तास वाचत बसले. खोलीतला दिवा मालवायची वेळ झाली तरी उठेनात.

२४ मे

दुपारी वळवाचा पाऊस आला आणि दोन तास वीज गेली. वीज आल्यावर बाईंचा फोन: "सर, परत 'फॉरबिडन' येतंय." राउटर बंद होऊन चालू झाला की इंटरनेट कंपनी नवा पत्ता देते. लॉगमधून नवा पत्ता घेतला, फाइल बदलली, रीलोड केलं. वीस मिनिटं गेली. याच आठवड्यातली ही तिसरी वेळ. पावसाळा अजून पुढेच आहे आणि पावसाळ्यात फोंड्यात वीज किती वेळा जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

२५ ते २७ मे

पत्ता बदलतो तर नाव वापरू, असा विचार केला. अपाचीत रिक्वायर होस्ट आहेच. या तीन संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ वाया गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रयत्न: आमच्या पत्त्याचं नाव उलट शोधून पाहिलं. मिळालं ते कंपनीचं नाव होतं. पुढे पत्त्याचे चार आकडे, मागे कंपनीचं डोमेन. आकडे बदलतात, स्थिर राहतं ते डोमेन. ते रिक्वायर होस्टमध्ये लिहिलं आणि वाचनकक्षात उघडलं. मग नियमाप्रमाणे बाहेरून पाहायला शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांचं कनेक्शन त्याच कंपनीचं. तिथेही उघडलं. म्हणजे त्या कंपनीच्या, अशी नावं मिळालेल्या प्रत्येक ग्राहकाला मी दार उघडून दिलं होतं. पाच मिनिटांत ओळ काढली.

दुसरा प्रयत्न: फुकटची डायनॅमिक डीएनएस सेवा घेतली (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा). राउटर दर वेळी आपला नवा पत्ता तिकडे कळवतो, त्यामुळे नाव एकच राहतं. ते नाव रिक्वायर होस्टमध्ये टाकलं. ४०३. स्पेलिंग तपासलं, राउटर पाहिला, नावावरून पत्ता शोधून पाहिला. सगळं बरोबर, तरी ४०३.

होस्टचा नियम नेमकं काय करतो हे मी नीट वाचलं नव्हतं. अपाची आधी पाहुण्याच्या पत्त्यावरून त्याचं नाव शोधतो, मग त्या नावावरून पुन्हा पत्ता शोधतो आणि दोन्ही जुळले तरच पुढे जातो. ही दुहेरी तपासणी गरजेची आहे. पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद पत्त्याच्या मालकाच्या हातात असते आणि तो तिथे कोणाचंही नाव लिहू शकतो. आमच्या पत्त्याची ती नोंद कंपनीच्या हातात, आणि तिथे कंपनीचंच नाव. आमचं डायनॅमिक नाव त्या वाटेवर कधी येणारच नव्हतं.

याच भरात आणखी एक चूक केली. नावाने नियम चालवायचा तर होस्टनेम-लुकअप्स 'ऑन' लागत असेल असं वाटून ते चालू केलं. त्याची गरज नसते. रिक्वायर होस्ट आपला शोध स्वतःच घेतो. चालू केल्यावर प्रत्येक पाहुण्याचं नाव शोधलं जाऊ लागलं, खुल्या विभागाची पानंही रखडू लागली, आणि ॲक्सेस लॉगमध्ये पत्त्यांऐवजी नावं यायला लागली. मला पत्तेच हवे होते. लगेच 'ऑफ' केलं. कोणाला नावं पाहायचीच असतील तर लॉगरिझॉल्व्ह हे साधन नंतर सावकाश तो शोध घेऊन देतं.

तिसरा प्रयत्न जमला. अपाची २.४.१९ पासून रिक्वायर फॉरवर्ड-डीएनएस आहे. तो फक्त दिलेल्या नावाचा आत्ताचा पत्ता विचारतो आणि पाहुण्याच्या पत्त्याशी ताडून पाहतो. उलट शोध नाही. नाव मात्र पूर्ण लिहावं लागतं, नुसतं डोमेन चालत नाही. राउटर मुद्दाम बंद करून चालू केला. नवा पत्ता आला आणि चार-पाच मिनिटांनी पानं उघडली. मधल्या वेळात जुना पत्ता दुसऱ्या ग्राहकाला मिळाला तर तेवढी मिनिटं तो आत येऊ शकतो. आमच्या साहित्यासाठी ही जोखीम मला चालण्यासारखी वाटली. दवाखान्याच्या कागदपत्रांसाठी मी हा मार्ग घेतला नसता.

३१ मे

कदंबाच्या बसने वाळपईला गेलो. शाखा म्हणजे एक खोली, दोन संगणक आणि संध्याकाळी येऊन बसणारा कॉलेजचा एक मुलगा. इथलं इंटरनेट बिनतारी. राउटरवर डायनॅमिक डीएनएस लावलं आणि फाइलीत दुसरी फॉरवर्ड-डीएनएस ओळ टाकली. मुलगा म्हणाला, "सर, हांगा कायच उगडना."

राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र भलताच पत्ता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची मालिका कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ साली राखून ठेवली गेली. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ च्या मध्ये दिसला की समजायचं: आपल्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक मोठा राउटर आहे आणि एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं आहेत. लॉगमधला तो पत्ता परवानगीच्या यादीत टाकला असता तर मुलाच्या संगणकावर उघडलं असतं, आणि त्या सगळ्या घरांतही.

इथे पत्ता पाहून प्रवेश देता येत नाही, हे मान्य करायला मला परतीचा पूर्ण प्रवास लागला. शाखेसाठी पासवर्ड ठेवायचं ठरवलं. रिक्वायर-एनी ब्लॉकमध्ये दोन ओळी: वाचनकक्षाचं नाव, किंवा वैध वापरकर्ता. दोहोंपैकी एक जुळलं की प्रवेश. वाचनकक्षात कोणी पासवर्ड विचारत नाही, वाळपईत विचारतो. पासवर्ड उघड्यावरून जाऊ नये म्हणून या सबडोमेनवर एचटीटीपीएस सक्तीचं केलं.

९ जून

पावसाने ठाण मांडलं. वीज आल्यावर राउटर कधी नवा पत्ता कळवतो, कधी नाही. दोनदा सकाळी नऊ वाजता वाचक येऊन बसले आणि पडद्यावर पासवर्डची मागणी. शेवटी फोंड्याच्या जोडणीसाठी स्थिर पत्ता मागितला: वर्षाला ₹२,४०० आणि १८ टक्के जीएसटी, एकूण ₹२,८३२. समितीने एका बैठकीत मंजूर केलं. हा खर्च मी पहिल्याच दिवशी मागायला हवा होता.

माणूस आला, नवा राउटर बसवून गेला. रिक्वायर आयपी परत आलं. पण चारपैकी दोन संगणक उघडतात, दोन ४०१, म्हणजे पासवर्ड मागतात! दीड तास केबली बदलण्यात घालवला. मग लॉग पाहिला, जो आधी पाहायला हवा होता. नाकारलेले पत्ते कोलनवाले लांबलचक होते, म्हणजे आयपीव्ही६ या नव्या प्रकारचे. नव्या राउटरवर ते चालू होतं आणि आमच्या सबडोमेनलाही त्याची नोंद होती. दोन संगणकांवर पूर्वी कोणीतरी आयपीव्ही६ बंद करून ठेवलं होतं, तेवढेच जुन्या वाटेने येत होते.

एकेक लांब पत्ता यादीत लिहून उपयोग नाही. संगणक त्याचा मागचा अर्धा भाग स्वतःच बदलत राहतो. लिहायचा तर पुढचा अर्धा, म्हणजे /६४ ची मालिका. पण स्थिर पत्ता फक्त जुन्या प्रकाराचा मिळाला आहे, ही मालिका राउटरसोबत बदलते. म्हणून या एका सबडोमेनची आयपीव्ही६ नोंद डीएनएसमधून काढली. चारही संगणक चालू.

१४ जून

पीडीएफ वेगळ्या डिस्कवर होत्या आणि एलियास या आदेशाने साइटला जोडलेल्या. डिरेक्टरी ब्लॉक फक्त पानांच्या फोल्डरला होता. याद्यांचं पान बंद, पण एखाद्याकडे पीडीएफचा थेट दुवा असेल तर फाइल उघडत होती. मडगावच्या एका विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे कळवलं म्हणून समजलं. दुसऱ्या फोल्डरलाही तोच ब्लॉक लावला. पंधरा मिनिटांचं काम, पण महिनाभर उघडं राहिलं याचं फार वाईट वाटलं.

२१ आणि २२ जून

खुला विभाग परदेशातल्या गोवेकरांना हळू दिसतो, अशी तक्रार होती. म्हणून पूर्ण डोमेन एका फुकट सीडीएनच्या (पानांच्या प्रती जगभर ठेवून जवळून देणाऱ्या सेवेच्या) मागे नेलं. तासाभरात वाचनकक्ष बंद. सगळ्या विनंत्या आता सीडीएनच्या पत्त्यावरून येत होत्या, खरा पाहुणा दिसतच नव्हता.

घाईत मी सीडीएनच्या मालिका रिक्वायर आयपीमध्ये टाकल्या. वाचनकक्ष उघडला, आणि सीडीएनमधून येणारं सगळं जगही आत आलं. चाळीस मिनिटांनी मोबाइलवर तपासलं तेव्हा लक्षात आलं.

योग्य साधन मॉड-रिमोटआयपी. सीडीएन खऱ्या पाहुण्याचा पत्ता एका हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) पाठवतो, हे मोड्यूल तो वाचून पुढच्या नियमांना देतं. मी फक्त हेडरचं नाव लिहिलं आणि वाचनकक्ष उघडला, बाहेर ४०१. पण मनात शंका होती. लॅपटॉप मोबाइलच्या डेटावर घेतला, कर्ल या साधनाने थेट सर्व्हरच्या पत्त्यावर विनंती पाठवली आणि तोच हेडर हाताने लिहून त्यात आमचा २०३.०.११३.४५ घातला. पान उघडलं. विश्वासू मध्यस्थांची यादी दिली नाही तर हे मोड्यूल हेडर पाठवणाऱ्या कोणाचंही खरं मानतं. ट्रस्टेड-प्रॉक्सीमध्ये सीडीएनच्या प्रकाशित मालिका टाकल्यावर तीच कर्ल विनंती पुन्हा पाठवली: ४०१. हा हेडर वापरणाऱ्या प्रत्येकाने ही खोटी विनंती स्वतःला पाठवून पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन.

एवढ्यावर थांबलो असतो तर फसलो असतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर एका स्कॅन पानाचा थेट दुवा उघडून पाहिला. चित्र समोर आलं, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या विनंतीची ओळच नाही. वाचनकक्षात कोणीतरी ते पान पाहिलं तेव्हा सीडीएनने चित्राची प्रत आपल्याकडे ठेवली होती, आता तो सर्व्हरला न विचारताच ती कोणालाही देत होता. माझे सगळे नियम सर्व्हरच्या दारावर, आणि वाचक दारापर्यंत येतच नव्हता.

मर्यादित सबडोमेन सीडीएनमधून पूर्ण बाहेर काढलं, त्याचा साठा पुसला, मॉड-रिमोटआयपी बंद केलं. खुला विभाग सीडीएनच्या मागेच आहे आणि बरा चालतो.

४ जुलै

आताची मांडणी. पानं आणि पीडीएफ, दोन्ही फोल्डरांवर एकच रिक्वायर-एनी: फोंड्याचा स्थिर पत्ता किंवा वाळपईचा पासवर्ड. सबडोमेनला आयपीव्ही६ नोंद नाही, पुढे सीडीएन नाही. होस्टनेम-लुकअप्स ऑफ. फॉरवर्ड-डीएनएसची ओळ शेरा म्हणून फाइलीत ठेवली आहे, स्थिर पत्त्याचं नूतनीकरण कधी चुकलं तर हाताशी असावी.

खर्च: स्थिर पत्ता ₹२,८३२, सर्व्हर महिना ₹५५०, बसभाडं वेगळं. माझे तास ४६, त्यांतले निम्म्याहून जास्त होस्टनेम आणि सीडीएनपायी गेले.

एका कागदावर तपासणी लिहून बाईंच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. दर सोमवारी वाय-फाय बंद करून मोबाइलवर तीन दुवे उघडायचे: एक पान, एक चित्र, एक पीडीएफ. तिन्ही ठिकाणी पासवर्डची मागणी दिसली पाहिजे, पान उघडता कामा नये. मग चारही संगणकांवर तेच तीन दुवे, तिथे तिन्ही उघडले पाहिजेत. बाईंनी आज माझ्यासमोर स्वतः करून पाहिलं आणि वहीत तारीख घातली. वाळपईचा मुलगा दर महिन्याच्या १ तारखेला पासवर्ड बदलून घेतो.

मास्तर आज पुन्हा आले होते. स्मरणिका संपली, आता शेजारच्या शाळेची वाचायला घेतली आहे.